अनेरपल्याड, एका ढिल्या क्लिपसाठी

रावेरपासून अनेर नदीपर्यंतचा रस्ता फार तर शंभर किलोमीटरचा. जुन्या जीपने सावकाश गेलं तरी साडेतीन तासांत माणूस पोचतो. मला तो कापायला तीस वर्षं लागली, आणि शेवटचे साठ-सत्तर फूट पाण्यातून जावं लागलं. त्यासाठी गाडी कशी बांधली, वाटेत काय खाल्लं, पलीकडे कोण भेटलं आणि तिथे मी काय बोललो, ते इथे लिहीत आहे. गाडीबद्दल मला जे कळतं ते छातीठोक सांगेन. बाकीचं जसं घडलं तसं.

शनिवार, रावेर

आमच्या केळीच्या शेडमागे माझी जीप उभी असते. डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर, टप कॅनव्हासचा. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाने गाडी पाण्यासाठी बांधायची तर दुकानापेक्षा आधी आपल्या शेतात फिरावं, हा माझा पहिला सल्ला. ठिबकचं सामान ज्याच्या शेतात पडलेलं आहे त्याला अर्ध्या गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत.

डिझेल इंजिनाला पाण्याची भीती एकाच वाटेची असते, ती म्हणजे हवा घेण्याच्या वाटेची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी गेलं तरी आतला लोखंडी दांडा काडीसारखा वाकतो. म्हणून हवेची नळी वर, थेट टपाच्या उंचीला न्यायची. मी ठिबकच्या मुख्य लाइनीचा तीन इंची पाइप घेतला, दोन एल्बो चिकटवले आणि पुढच्या काचेच्या खांबाला लोखंडी पट्ट्यांनी आवळला. दिसायला छान झालं. सावद्यापर्यंत चक्कर मारून आलो तर बॉनेटखालचा एल्बो सायलेन्सरच्या उष्णतेने मऊ होऊन पिकल्या केळ्यासारखा लोंबत होता. पन्नास वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, हे मुद्दाम लिहितो. प्लास्टिक बॉनेटच्या बाहेर ठीक आहे. आत ट्रकच्या रेडिएटरची जुनी रबरी नळीच हवी.

ती नळी आणायला स्टेशन रोडवरच्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजींची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे.

“नाना, या वयात जहाज बांधताय का?”

“पाणबुडी, शेठ.”

“मग नळीबरोबर अगरबत्तीपण घेऊन जा.”

बाकीची कामं लहान होती. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी पेटीच्या, डोक्यावर एक छोटी टोपी असते, त्यातून ते श्वास घेतं. गरम डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि टोपीतून पाणी ओढलं जातं. त्या टोप्या काढून तिथे ठिबकच्या बारीक नळ्या बसवल्या आणि वर बॉनेटपर्यंत आणून बांधल्या. क्लचच्या खालच्या भोकाला बूच मारलं. डायनामोच्या जोडांना ग्रीस फासून वरून केळीच्या घडाला घालतात ती पिशवी गुंडाळली. जाळीपुढे बांधायला केळीच्या ट्रकची फाटकी ताडपत्री घेतली. ती लावली की गाडी पाणी बाजूला सारत जाते आणि इंजिनाच्या पुढे पाणी कमी राहतं.

शेवटी परीक्षा. इंजिन चालू ठेवायचं आणि वरच्या पाइपाचं तोंड तळहाताने गच्च दाबायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं तर सगळे जोड पक्के. चालूच राहिलं तर ते कुठूनतरी हवा घेतंय, आणि जिथून हवा घेतंय तिथूनच पाणी घेणार. दहा सेकंदांचं काम आहे. माझ्या तळव्याखाली इंजिन दोन आचके देऊन थांबलं. मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं.

माझी थोरली बहीण अक्का ओट्यावरून बघत होती. ती अठ्ठ्याहत्तरची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. म्हणाली, “त्या पाइपाचा गळा किती येळा दाबशील? उद्या मी बी येते. कानबाई पाहाची राह्यली माही.”

मी फक्त सांगितलं होतं की शिरपूरकडच्या एका जुन्या सोबत्याच्या गावी कानबाईला जायचं आहे. कानबाई म्हणजे खानदेशातला नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. ज्या घरात ही देवी बसते त्या घरची सगळी भाऊबंदकी, म्हणजे अख्खं कूळ, सुरतेला असो की नाशकाला, त्या दिवशी गावी येते आणि सोमवारी विसर्जन झालं की पांगते. आमच्या घरात ती नाही, म्हणून अक्काला कुतूहल. मला मात्र देवीपेक्षा ती भाऊबंदकीच हवी होती. वर्षातून त्या एकाच दिवशी ती सगळी एका अंगणात सापडते.

रविवार, चोपडा

फैजपूर, यावल करत चोपड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. डावीकडे केळीच्या बागा, उजवीकडे ढगांत शिरलेला सातपुडा. चोपड्याच्या अलीकडे केळी कमी होते आणि कापूस वाढतो. आमच्या पूर्वेकडच्या माणसाला लगेच वाटतं की आपण परक्या मुलखात आलो. बोलीही बदलते. रस्ता विचारला तर “सरळ शे, बठ्ठा डांबरी शे” असं उत्तर आलं आणि अक्का दोन किलोमीटर ते ‘बठ्ठा’, म्हणजे ‘सगळा’, घोळवत हसत राहिली.

बसस्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. लाल तर्री, वरून जाड तिखट शेव, बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. आमच्याकडे पाहुणा आला की वरण-बट्टी घालून त्याला झोपवतात. इथे शेवभाजी घालून जागं करतात. नाक पुसता पुसता अक्काने विचारलं, “हा सोबती कोन? कधी नाव काढलं नाही तू.”

तिथे मी तिला सांगितलं. तिच्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

तीस वर्षांपूर्वी मी सातपुड्याच्या पायथ्याला एका ठेकेदाराच्या सर्वेक्षणाच्या कॅम्पवर मेकॅनिक होतो. लोटन तिथे ड्रायव्हर. एका तंबूत राहायचो, एका चुलीवर रांधायचो. पावसाळ्यात गाड्या पाण्यातून न्यायचं काम असे. गाडी बांधायची मी, चालवायची त्याने. एक दिवस साहेबांची घाई होती. मी हवेच्या नळीच्या जोडावर क्लिप चढवली आणि पेचकस फिरवायच्या आधी कोणीतरी हाक मारली म्हणून गेलो. परत आलो तो लोटन निघायच्या तयारीत. मी बॉनेट लावलं आणि जा म्हटलं. तळहाताची परीक्षा घेतली नाही. मी काठावर होतो; मधल्या धारेत इंजिन बंद पडलं, स्टार्टरचा आवाज आला नाही, जीप वाहत जाऊन खडकाला अडकली. लोटन मोजणीच्या यंत्राची पेटी डोक्यावर धरून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून काढली. बॉनेट पहिल्यांदा मी उघडलं. क्लिप ढिली लोंबत होती. साहेब पोचायच्या आत मी ती आवळली. मग अहवालात लिहिलं की ड्रायव्हरने पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाला पुन्हा स्टार्टर मारला, त्यामुळे इंजिन फुटलं. लोटनची नोकरी गेली. मी पुढल्या वर्षी मुख्य मेकॅनिक झालो.

अक्काने ताटातली शेव बोटाने एका बाजूला केली. “म्हंजे तू खोटं लिवलं.”

“हो.”

“अन् मले कशाले आनलं? साक्षीले?”

“तूच बसलीस गाडीत.”

“मले वाटलं देवीले चालला.” गाडीत बसताना म्हणाली, “फोन करून सांगता आलं नसतं तुले?”

हा विचार मी केला होता. लोटन जिवंत आहे आणि गावी आहे, हे मला त्याच्या गावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून कळलं होतं, नंबरही मिळाला होता. पण फोनवर सांगून माझं ओझं उतरलं असतं, त्याचं नाव तसंच राहिलं असतं. नाव खराब झालं होतं ते भाऊबंदांत. तिथेच ते साफ व्हायला हवं होतं.

रविवार, अनेरच्या काठी

महामार्गाच्या पुलाआधी उजवीकडे सातपुड्याकडे वळलो. अनेर म्हणजे दोन जिल्ह्यांची शीव. अलीकडचा काठ जळगावचा, पलीकडचा धुळ्याचा. पुलावरून फिरून गेलं तरी पलीकडे एक नाला आडवा येतो आणि त्याला फरशीही, म्हणजे बुटका सिमेंटी पूलही, नाही. म्हणून लोक नदीतली ही बुटकी फरशीच वापरतात. शनिवारपर्यंत ती उघडी होती. रात्री वर डोंगरात पाऊस झाला आणि ती बुडाली.

इथे वाचकांना बजावतो. माझ्यासारखी बांधलेली गाडी असली तरी चढत्या पाण्यात उतरू नये. मी काठाला काडी रोवली, पाण्याच्या रेषेवर सुरीने खूण केली आणि बसून राहिलो. दीड तासात पाणी खुणेखाली वीतभर गेलं. गढूळ होतं, पण धार मंदावली होती आणि फरशीच्या कडेचे दगड मध्येमध्ये डोकं काढू लागले होते. पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पाती पाण्याला लागून रेडिएटरमध्ये घुसतात. ताडपत्री बांधली. पाइपाचं तोंड दाबून पाहिलं. अक्काने पाय सीटवर घेतले आणि पिशवी मांडीवर धरली.

“बुडाले लागलो तं आधी मले सांग. मी डोये मिटून घेईन.”

पलीकडच्या काठावर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. मी गाडी पाण्याशी आणताच त्याने खांद्यावरचा गमछा हातात घेतला आणि उजवीकडे हलवला. मी उजवीकडे घेतलं. मग त्याने गमछा सरळ धरला. पहिला गिअर, खालची रेंज, पाय एका जागी. क्लचला पाय नाही, ब्रेकला पाय नाही. पाणी दिव्यांपर्यंत आलं, मग बॉनेटच्या कडेला लागलं. पायाखाली गार पाणी शिरलं. इंजिनाचा आवाज मात्र पाइपातून कानाशी एकसारखा येत होता. मध्यावर मला कडेचा दगड दिसेना. म्हाताऱ्याने गमछा दोनदा डावीकडे फेकला आणि ओरडला, “थांबू नको, ये!” मी त्याच्या गमछ्यावर विश्वास टाकून गाडी नेली. चाकं चढणीला लागली आणि आम्ही धुळे जिल्ह्यात वर आलो.

म्हातारा आमच्याकडे न बघता गाडीकडे गेला. पाइपावरून हात फिरवला, डिफरन्शियलच्या नळ्या वाकून पाहिल्या.

“गाडी कोन बांधी?”

“मी.”

“भारी बांधी. कोठून उनात?”

“रावेरहून, लोटनभाऊ.”

तो ताठ झाला. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. “नाना? तू शे का?” आणि माझा हात दोन्ही हातांत धरून अक्काला म्हणाला, “बहीन, हाऊ माले भाकर करी खावाडे!”

अक्का माझ्याकडे बघत होती. मी पंख्याचा पट्टा चढवायला खाली वाकलो.

रविवार दुपार, लोटनचं अंगण

अंगणात पन्नास-साठ माणसं. आत चौरंगावर कानबाई बसलेली, नारळाला डोळे, नथ, वर फुलोरा. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मोजून गहू घेतात आणि त्याचे रोट होतात. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. मला आणि अक्काला खापरावरची पुरणपोळी वाढली, ताटाएवढी, रुमालासारखी घडी घातलेली. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, कटाची आमटी. अक्का पोळी उलटीपालटी करून बघत होती. आमच्या तव्यावर हिची चतकोरही मावली नसती.

लोटनचा चुलतभाऊ भिला शेजारी बसला होता. सुरतेला असतो, आवाज मोठा, हसू त्याहून मोठं. मला म्हणाला, “आमना लोटनभाऊ बठ्ठा गावले पानीनी वाट दखाडस. पन स्टेअरिंग त्याले कोनी देत नही! साहेबनी जीप बुडाडी दिधी ना त्यानी!”

सगळे हसले. रोजचा विनोद होता, सवयीने हसले. लोटनही हसला. मुलाचा ट्रॅक्टर दारात उभा होता; मुलगासुद्धा त्याला नदीतून नेऊ देत नाही, हे भिलानेच पुढे सांगितलं.

मी हात धुतले आणि उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं अर्धं आठवलं. पण मुद्दा चुकला नाही. क्लिप माझी, घाई माझी, खोटं वाक्य माझं. लोटनने स्टार्टर मारला नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो, आत बायकांची गाणी चालली होती ती थांबली.

एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “आज कानबाईना दिन शे. आज कसाले काढी ऱ्हायनात हाई?”

“आज सगळे आहात म्हणून,” मी म्हटलं.

भिला ताटात बघत होता. लोटनने मला एकच प्रश्न विचारला.

“क्लिप ढिली व्हती, का लायेलच नव्हती?”

“चढवलेली होती. पेचकस फिरवायचा राहिला.”

त्याने मान हलवली, जणू एखादा जुना हिशोब जुळला. मग म्हणाला, “तीस वरीस मी इचार करी ऱ्हायनू, मना हात कोठे चुकना. मालेबी वाटे लागनं व्हतं, मीच स्टार्टर मारा व्हई.”

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. नोकरी गेली, लोक हसले, एवढं मला माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या आठवणीत मी खोटी गोष्ट घातली, हे मला त्या अंगणात कळलं. लोटन उठून बैलांना चारा टाकायला गेला आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्याची बायको सिंधूवहिनी पाण्याचा तांब्या देताना म्हणाली, “तुमी उनात ते बरं व्हयनं. पन भलता उशीर कया, भाऊ.”

सोमवार, पुन्हा नदी

सकाळी कानबाई वाजतगाजत नदीवर निघाली. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया, मागे फुगड्या, गुलाल. अक्का अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका अनोळखी सुनेबरोबर फुगडीचे दोन फेरे घेऊन आली आणि धापा टाकत म्हणाली की पाय दुखायला लागले ते गाडीत बसून. पाणी आणखी उतरलं होतं, तरी फरशीवर कमरेएवढं होतंच. विसर्जन झालं. पाहुणे निघायच्या घाईत होते; सुरतेच्या, नाशिकच्या गाड्या नदीपलीकडे उभ्या, येताना त्यांनी ट्रॅक्टरने नदी ओलांडली होती.

लोटन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. “चाबी.”

मी किल्ली दिली. त्याने बॉनेट उघडलं, एकेक क्लिप अंगठ्याने दाबून पाहिली, पंख्याचा पट्टा स्वतः काढला. इंजिन सुरू केलं, टपाशी चढला आणि पाइपाचं तोंड तळहाताने दाबलं. इंजिन आचके देऊन थांबलं. खाली उतरून त्याने हात धोतराला पुसला.

“भिला, बैस.”

“मी मांगून येस, भाऊ, ट्रॅक्टरमां...”

“बैस म्हनी ऱ्हायनू ना!”

भिला पुढे बसला. मी आणि अक्का मागे. अंगणातली सगळी माणसं काठावर उभी होती, त्याचा मुलगाही. लोटनने गाडी पाण्यात अशी उतरवली की लाटसुद्धा उठली नाही. मी काल जिथे डगमगलो तिथे त्याने स्टेअरिंग जरासं डावीकडे घेतलं, खालच्या दगडांची जागा त्याला पाठ होती. पलीकडे चढवल्यावर मला वाटलं, थांबेल. भिला उतरायला लागला. लोटनने त्याला हाताने बसवलं, गाडी वळवली आणि पुन्हा पाण्यात घातली. गावाच्या काठाला जाऊन चार माणसं बसवली, परत आला. पुन्हा गेला. अशा किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. तिसऱ्या फेरीनंतर त्याचा मुलगा शिट्टी वाजवत होता, आणि भिला प्रत्येक वेळी “सांभाळी भाऊ, सांभाळी” म्हणत दोन्ही हातांनी दांडा धरून बसला होता. शेवटी सगळी भाऊबंदकी जळगाव जिल्ह्यात पोचली तेव्हाच त्याने इंजिन बंद केलं.

ब्रेक सुकायला वेळ लागतो, म्हणून आम्ही काठावर बसलो. मी डिफरन्शियलचं तेल काढून पाहिलं. पाणी गेलं असतं तर ते चहासारखं दुधाळ झालं असतं. काळंच होतं.

“गाडी तू चांगली बांधी,” लोटन म्हणाला. “राग मना मी ठेवस. तो तू मांगू नको.”

“मागत नाही.”

“मंग एक काम कर. तव्हय कागदवर लिखं व्हतं ना तू? आते बी कागदवर लिख. बोलेल वारावर जास.”

मी हो म्हणालो. परतताना यावलजवळ अक्काने पिशवीतून केळं काढून सोलून माझ्या हातात दिलं.

तर लिहितो. त्या दिवशी जीप नदीत बंद पडली ती हवेच्या नळीच्या जोडावरची क्लिप ढिली राहिल्यामुळे. ती क्लिप आवळण्याचं काम माझं होतं. पाण्यात उतरण्याआधी नळीचं तोंड दाबून पाहण्याचं कामही माझं होतं, ते मी केलं नाही. ड्रायव्हर लोटन याने इंजिन बंद पडल्यावर स्टार्टरला हात लावला नाही. त्याने यंत्राची पेटी आधी उचलली आणि मग तो बाहेर पडला. अहवालातलं वाक्य खोटं होतं. ते लिहिताना मला ते माहीत होतं.